अन्नपूर्णाबाईले काय म्हणायचं

सत्त्याण्णव साली बोरखेडीत ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि दोन नंबरच्या वॉर्डातली एक जागा बायांसाठी राखीव निघाली. बोरखेडी म्हणजे केळझरच्या मागं चार किलोमीटरवरचं दीडशे घरांचं गाव. राखीव जागेचा कागद पंचायतीच्या दारावर चिकटला त्याच दिवशी दुपारी प्रभाकरराव हेमराजच्या किराणा दुकानात आले आणि फळीवर बसले.

प्रभाकरराव मागची दहा वर्षं सरपंच होते. त्यांचं पॅनेल गावात जुनं. ते म्हणाले, "हेमराज, तुह्या घरून नाव देऊन टाकू. उद्या सेलूले जाऊ, फॉर्म भरू."

"घरून म्हणजे?" हेमराजनं विचारलं.

"म्हणजे वैनीचं. आता बायाच पाह्यजे ना."

हेमराजची बायको यशोदा तिथंच होती. ती आत साखरेच्या पुड्या बांधत होती. दुकानात रद्दी यायची ती सेलूच्या बाजारातून, किलोवर, आणि पुडी बांधण्याआधी कागद वाचून घ्यायची तिला सवय होती. सातवी शिकलेली बाई. अर्धवट फाटलेल्या बातम्या वाचायच्या, पुढचं काय झालं असेल याचा विचार करत पुडीला दोरा गुंडाळायचा. त्या दिवशी हातातला कागद खाली ठेवून ती बाहेर आली आणि म्हणाली, "मले इचारलं नाई कोणी."

प्रभाकररावांनी हसून तिच्याकडे पाहिलं. "आता इचारतो. उभी राह्यशीन काय?"

पंचायतीत आत नक्की काय बोलतात हे तिला कितीतरी दिवसांपासून जाणून घ्यायचं होतं. दुकानातून फक्त आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. "राहीन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मोतीलालनं आपल्या पॅनेलकडून अन्नपूर्णाबाईचं नाव दिलं. मोतीलाल कापसाचा व्यापारी, प्रभाकररावांच्या विरोधातला माणूस. आणि अन्नपूर्णाबाई म्हणजे यशोदाची शेजारीण. दोघींच्या अंगणामध्ये कमरेएवढी भिंत होती. बारा वर्षं त्या भिंतीवरून विरजण, माचीस, पापडाचं पीठ आणि गावातल्या खबरी इकडून तिकडे जात होत्या. अन्नपूर्णाबाई चार वर्षांनी मोठी, म्हणून यशोदा तिला पूर्णाबाई म्हणायची.

फॉर्म भरून आल्यावर संध्याकाळी अन्नपूर्णाबाई भिंतीपाशी आली.

"यशोदे, तुहं बी नाव हाय म्हणते?"

"हाय ना."

"मंग मी मत कोणाले देऊ व?"

"मले दे."

"आन् तू?"

"मी बी मलेच देईन."

दोघी इतक्या हसल्या की भिंतीला धरून उभं राहावं लागलं. अन्नपूर्णाबाईचा नवरा अण्णाजी गोठ्यातून ओरडला, "काय झालं, बाप्पा?" त्यावर त्या आणखी हसल्या.

यशोदाची निशाणी छत्री, अन्नपूर्णाबाईची शिलाई मशीन. प्रचाराला दहा दिवस होते. प्रभाकररावांनी ठरवलं की मंगळवारी मारोतीच्या पारावर सभा घ्यायची आणि यशोदानं पाच मिनिटं बोलायचं. भाषण नरहर गुरुजी लिहून देतील. गुरुजी हायस्कुलात तीस वर्षं मराठी शिकवून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी वहीच्या दोन पानांवर टपोऱ्या अक्षरात भाषण लिहून पाठवलं.

यशोदानं ते काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं. सुरुवात चांगली होती. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, "येत्या रविवारी आपल्या शत्रूला धूळ चारून छत्रीवर शिक्का मारा."

तिनं हेमराजला विचारलं, "शत्रू म्हणजे कोण?"

"सामनेवाले."

"म्हणजे पूर्णाबाई?"

हेमराज वजनं मांडत होता. "आता उभी तं तेच हाय तुह्यासमोर."

यशोदानं मान वर केली. समोरच्या भिंतीवर कृषी खात्याचं एक रंगीत पोस्टर होतं, खतकंपनीच्या माणसानं लावून दिलेलं. वर मोठ्या अक्षरात 'शत्रू किडी' आणि खाली 'मित्र किडी'. शत्रू किडींत हिरवी बोंडअळी, मावा, तुडतुडे. पोस्टरकडे बघता बघता तिच्या लक्षात आलं की बोरखेडीत शत्रू हा शब्द तेवढ्या एका कागदावरच आहे. आख्ख्या जन्मात तिनं तो कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. दुकानात दिवसभर भांडणाच्या गोष्टी चालायच्या, पण लोक म्हणायचे, त्याचं माहं बोलणं नाई. त्याचं माहं वाकडं हाय. त्यानं माह्यावर दावा धरला. फार तर दुश्मन. अण्णाजींचा चुलतभावाशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सेलूच्या कोर्टात वाद चालू होता, तर ते त्याला कोर्टातल्याच शब्दानं बोलवायचे. "काल बजारात आमचे गैरअर्जदार भेटलते. बरे होते. वांगे घेऊन राह्यलते."

तिनं भाषणाची पानं घेतली आणि गुरुजींच्या घरी गेली.

गुरुजी ओसरीत चष्मा पुसत बसले होते. "काय यशोदाबाई, काही अडलं का?"

"गुरुजी, हा शत्रू शब्द काढाचा हाय. दुसरा द्या."

"का? चांगला खणखणीत शब्द आहे. सभेत ऐकू जातो."

"पण पूर्णाबाई माही शत्रू नाई ना."

गुरुजींनी चष्मा लावला. या प्रश्नात त्यांना आपोआपच गोडी वाटली, कारण निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणी त्यांना शब्द मागायला आलं होतं. "बरं. वैरी घेता का? पण वैराला मागं काहीतरी घडलेलं लागतं. नुसता आज उभा राहिला म्हणून कोणी वैरी होत नाही. दुश्मन फारसीतून आला, अर्थ तोच. विरोधक म्हणू?"

"विरोधक म्हणजे आडवा येणारा?"

"हो. तुम्ही जे कराल त्याला नाही म्हणणारा."

"ते अजून काई करूनच नाई राह्यली. मी बी काई केलं नाई. आम्ही दोघी एकाच जागेले उभ्या हाओ, बस."

"मग प्रतिस्पर्धी." गुरुजी खूश झाले. "एकाच शर्यतीत पळणारे दोघं. हा बरोबर शब्द."

यशोदानं तो म्हणून पाहिला. तीनदा म्हटला. तिसऱ्यांदाही जीभ अडली. "हे पारावर म्हटलं तं लोक हसतीन, गुरुजी. साधा नाई काय?"

गुरुजींनी बराच वेळ विचार केला. अरी म्हणाले, रिपू म्हणाले, स्वतःच मान हलवून सोडून दिले. शेवटी म्हणाले, "पुस्तकातले संपले. तुम्ही श्रावणला विचारा. तो आयुष्यभर समोरच्या माणसाशीच खेळला."

श्रावण म्हातारा पहेलवान. तरुणपणी देवळीपर्यंत कुस्त्या मारलेला, आता मारोतीच्या देवळाची झाडलोट करायचा. यशोदानं विचारलं तेव्हा त्याला प्रश्न कळायलाच वेळ लागला.

"कुस्तीत समोर जो राह्यते ना बुवा, त्याले तुम्ही काय म्हणत?"

"त्याले? जोड म्हणत."

"जोड?"

"हो. पंच इचारे, याची जोड कोण? मंग वजन पाहे, अंग पाहे, आन् जोड लावून दे. जोड नाई भेटली तं किती बी मोठा पहेलवान असो, नारळ घेऊन घरी जाये. माह्यावर दोनदा पाळी आली." त्यानं खराटा खाली ठेवला. "लय वाईट वाटे. दहा कोस पैदल जावं आन् कोणी भिडालेच नाई."

"आन् कुस्ती झाल्यावर?"

"झाल्यावर काय? त्याची माती मी झटकाची, माही त्यानं."

यशोदा घरी आली ती हा शब्द सांभाळतच. रात्रीच्या स्वयंपाकात तिनं दोनदा तो मनात म्हटला. तिला वाटलं, हाच.

मंगळवारी पारावर पावणेदोनशे माणसं जमली. यशोदा बोलायला उभी राहिली आणि पहिल्या पानावरचं तिनं व्यवस्थित म्हटलं. दुसऱ्या पानाशी आल्यावर कागद खाली घेतला.

"अन्नपूर्णाबाई माही जोड हाय," ती म्हणाली. "ते चांगली बाई हाय. मी बी चांगली हाओ. आता कोणाले पाठवाचं ते तुम्ही पाहा. पण मी पाणी, नाली आन् शाळेच्या पायऱ्यायसाठी भांडीन, तं छत्रीवर शिक्का मारा."

मागून एकानं शिट्टी मारली. म्हातारे पहेलवान दोघे-तिघे होते, त्यांनी माना डोलावल्या. बाकीच्यांना काय कळलं कोण जाणे. प्रभाकररावांचा चेहरा मात्र उतरला. सभा संपल्यावर ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, "जोड काय? जोड म्हणजे लोकायले वाटलं तुम्ही दोघी एक हाय!"

"आखाड्यात तसंच म्हणते."

"आखाड्यात म्हणत असतीन. आपल्या सोबत फिरणारे पोट्टे इचारून राह्यले, सेटिंग झाली काय म्हणून. मंग आम्ही कायले फिरून राह्यलो उन्हात?"

सेटिंगची अफवा सकाळपर्यंत गावभर झाली. ती मोतीलालच्या कानावर गेली आणि त्यालाही भीती वाटली, कारण त्याची माणसंही तेच विचारायला लागली होती. काहीतरी कडक केल्याशिवाय ही अफवा मरणार नाही असं त्याला वाटलं. गुरुवारी सकाळी त्यानं केळझरहून एक पेंटर आणला. हेमराजच्या दुकानासमोर रस्त्यापलीकडे कोंडवाड्याची लांब भिंत होती. पेंटरनं तिच्यावर गेरूनं शिलाई मशीन काढली, आणि वर हातभर उंचीच्या अक्षरात लिहिलं, 'छत्रीवाली गावाची वैरीण.' खाली लिहिलं, 'शिक्का मशीनवरच.'

अन्नपूर्णाबाई पाच-सहा बायांसोबत तिथं होती. मशीनच्या चित्राला ओवाळायला हातात हळदीकुंकवाचं ताट होतं. पेंटरनं शेवटची रेघ मारली तशी बायांनी टाळ्या वाजवल्या. अन्नपूर्णाबाईनंही ताट खाली ठेवून वाजवल्या, मग वळून दुकानाकडे पाहिलं, यशोदाला बघून हसली आणि हात वर केला.

यशोदानं हात वर केला नाही. ती आत गेली.

पुढचे दोन दिवस ती प्रचाराला फिरली, पण मनात एकच गोष्ट घोळत होती. वैरीण हा शब्द तिच्यासाठी नवा नव्हता. लहानपणी केस विंचरताना तिची आई रोज म्हणायची, हाल नको, वैरीण. ती स्वतः शेळीला म्हणायची. धार काढताना लाथ मारली की, वैरिणी, उभी राह्य. त्या शब्दानं कधी कोणाला लागलं नाही. मग भिंतीवर लिहिल्यावर तो असा का टोचावा? अक्षरं तीच. तिनं स्वतःला समजावून पाहिलं की हे मोतीलालचं काम आहे. पण डोळ्यासमोर यायचं ते अन्नपूर्णाबाईचं हसणं. शब्दापेक्षा त्या हसण्याचा तिला अर्थ लागत नव्हता. बारा वर्षांत या बाईला आपण ओळखलंच नाही की काय, असं तिला वाटायला लागलं.

शुक्रवारी संध्याकाळी अन्नपूर्णाबाईनं भिंतीवरून हाक मारली, "यशोदे, जरा विरजण देजो व."

"नाई आज," यशोदा आतूनच म्हणाली.

विरजण होतं. फळीवर झाकून ठेवलेलं होतं.

रविवारी मतदान झालं, सोमवारी सेलूला मोजणी. अन्नपूर्णाबाई नऊ मतांनी निवडून आली. मोतीलालचे पाच सदस्य आले आणि तो सरपंच झाला. गुलाल उधळत मिरवणूक दुकानासमोरून गेली तेव्हा हेमराजनं अर्धं शटर ओढून घेतलं.

दोन्ही अंगणांतलं बोलणं बंद पडलं. अन्नपूर्णाबाईनं सुरुवातीला तीन-चारदा हाक मारली. यशोदाचं उत्तर हो किंवा नाही इतकंच. मग हाकाही थांबल्या. अन्नपूर्णाबाई विरजणासाठी दोन घरं सोडून प्रमिलाबाईकडे जायला लागली, आणि यशोदा तिला जाताना पाहायची. गावातल्या लोकांना हे अगदी नेहमीचं वाटलं. ते म्हणायचे, त्यायचं बोलणं नाई, इलेक्शनपासून. एवढं म्हटलं की सगळ्यांना सगळं कळायचं आणि पुढं कोणी काही विचारायचं नाही.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा भरली. व्हरांड्यात सात खुर्च्या मांडल्या होत्या. यशोदा बायांसोबत मागं चटईवर बसली. बायका मोजून अकरा होत्या. अन्नपूर्णाबाईही त्यांच्यातच, दुसऱ्या टोकाला, खाली बसली होती. तिच्या खुर्चीवर अण्णाजी बसले होते.

ग्रामसेवकानं हजेरीसाठी नावं वाचली. "सौ. अन्नपूर्णा अण्णाजी."

"हजर," अण्णाजी म्हणाले.

कोणी हसलं नाही. कोणाला वावगंही वाटलं नाही. पहिल्या दोन सभांनाही असंच झालं होतं. ग्रामसेवक पुढचं नाव वाचायला लागला आणि यशोदा उभी राहिली. आपण उभं राहणार आहोत हे तिला स्वतःलाही उभं राहीपर्यंत माहीत नव्हतं.

"मले एक इचाराचं हाय."

"विषय अजून सुरू नाई झाले, वैनी," मोतीलाल म्हणाला.

"हे आधीचं हाय. मतपत्रिकेवर नाव कोणाचं होतं? अण्णाजीचं होतं काय?"

मोतीलाल म्हणाला, "आता घरचंच तं हाय. बाईमाणूस कुठी बसते समोर..."

"मी नऊ मतानं हरली," यशोदा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "अण्णाजीशी नाई हरली. अण्णाजी उभे असते तं मी बी पाह्यलं असतं त्यायले!"

आता मात्र हशा पिकला. अण्णाजीही ओशाळं हसले.

"मले जिनं हरवलं ते खाली चटईवर बसून हाय. तिले वर बसवा. नाई तं मंग मी हरली कोणाशी, ते तरी सांगा."

अण्णाजी मुळात सरळ माणूस. त्यांचा चेहरा लाल झाला, पण ते उठले, टोपी सारखी केली आणि बायकोकडे बघून म्हणाले, "ये व. बस."

अन्नपूर्णाबाई डोक्यावर पदर ओढत चटईवरून उठली. खुर्चीच्या अगदी काठावर बसली, जशी कोणी उठ म्हणेल तर लगेच उठता यावं. ग्रामसेवकानं पहिला विषय वाचला. जिल्हा परिषदेकडून गावाला एक बोरिंग मंजूर झाली होती, हातपंपासह. ती कुठं घ्यायची?

मोतीलालनं तोंड उघडलं, पण गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "बाईले इचारा! पाणी बायाच भरते."

अन्नपूर्णाबाईनं घसा साफ केला. पहिले दोन शब्द कोणालाच ऐकू गेले नाहीत. मग ती म्हणाली, "मारोतीपाशी घ्या. तिकडच्या घरायले लय दूर पडते. प्रमिलाबाईची सून आठवा महिना असून पाण्याचे दोन गुंड डोक्यावर घेऊन येते इहिरीवरून. मी रोज पायतो. मारोतीपाशीच पाह्यजे."

तिच्या तोंडून एवढं लांब बोलणं गावानं पहिल्यांदा ऐकलं. बायांमध्ये कुजबुज झाली. आणि यशोदा पुन्हा उभी राहिली.

"माहा इरोध हाय."

मोतीलालनं कपाळावर हात मारला. "आता काय, बाप्पा? तूच तिले बसवलं ना वर!"

"बसवलं. पण बोरिंग शाळेपाशी पाह्यजे. लेकरं पाणी प्याले रोड ओलांडून जाते. मागच्या महिन्यात ट्रॅक्टरखाली येता येता वाचला एक जण."

अन्नपूर्णाबाई खुर्चीच्या काठावरून थोडी पुढं आली. "लेकरायले शाळेत माठ ठेवता येते. प्रमिलाबाईच्या सुनेनं काय कराचं?"

"माठ भरीन कोण?"

"तुहा नवरा भरीन!"

सगळी सभा हसली. दोघी हसल्या नाहीत. अर्धा तास वाद झाला, निर्णय झाला नाही, विषय मासिक सभेवर ढकलला गेला.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अन्नपूर्णाबाई आली आणि काउंटरशी उभी राहिली. काही घ्यायला आली नव्हती.

"तीन महिने बोलली नाई तू," ती म्हणाली. "मंग आज माह्यासाठी काऊन उठली?"

"तुह्यासाठी नाई उठली."

"मंग?"

"मी कोणाशी हरली ते दिसाले पाह्यजे होतं."

"बरं. पण बोलत काऊन नाई? मी काय केलं? मी जितली म्हणून?"

यशोदानं रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. कोंडवाड्याच्या भिंतीवरचा गेरू थोडा उडाला होता, पण अक्षरं स्पष्ट होती. "ते लिवलं तवा तू टाळ्या वाजवून राह्यलती. माह्याकडं पाहून हसली."

"मशीन काढली होती माही. छान काढली म्हणून वाजवल्या."

"आन् वर काय लिवलं ते?"

अन्नपूर्णाबाईनं भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "काय लिवलं हाय?"

यशोदाला आधी वाटलं ती नाटक करतेय. मग तिचा चेहरा पाहून शंका आली. "तुले वाचता येते ना, पूर्णाबाई? तुह्या घरात साक्षरतेचं प्रमाणपत्र हाय भिंतीवर."

"त्याच्यावर काय लिवलं हाय ते बी एकदा वाचून सांगजो."

तिनं मग सगळं सांगितलं. सहा-सात वर्षांपूर्वी अभियानात रात्रीचे वर्ग निघाले होते. ती महिनाभर गेली. स्वतःचं नाव लिहायला शिकली. मग शिकवणारी मुलगी लग्न होऊन गेली, वर्ग बंद पडला, आणि सगळ्या बायांना प्रमाणपत्रं वाटली गेली. अण्णाजींनी ते कौतुकानं फ्रेम करून लावलं. त्यानंतर आपल्याला वाचता येत नाही हे कोणाला सांगायची सोयच राहिली नाही.

बारा वर्षं ती पुडीच्या कागदावरच्या बातम्या भिंतीवरून हिला वाचून दाखवत होती, आणि हिला ऐकायला आवडतं एवढंच तिला वाटायचं.

"वैरीण लिवलं हाय," ती शेवटी म्हणाली. "छत्रीवाली गावाची वैरीण."

अन्नपूर्णाबाई रस्ता ओलांडून गेली. यशोदा मागून गेली. अन्नपूर्णाबाईनं भिंतीवर बोट ठेवलं.

"कोणतं अक्षर?"

"हे. इथून इथवर."

अन्नपूर्णाबाई एकेका अक्षरावरून बोट फिरवत गेली. शेवटच्यावर थांबली. "हे ण हाय ना?"

"हो."

"माह्या नावात हाय हे. आन् हे मधातलं र, माह्या नावात ते ण च्या डोक्यावर बसते." तिनं बोटाला लागलेला गेरू पाहिला. "माह्या नावातले दोन अक्षरं घेऊन तुले शिवी लिवली मेल्यानं. आन् मी ताट घेऊन उभी."

ती तशीच मोतीलालच्या घरी गेली. तिथं काय बोलणं झालं ते यशोदाला कळलं नाही, पण संध्याकाळी मोतीलालचा गडी चुन्याची बादली घेऊन आला. त्यानं वरची ओळ पुसली. मशीन तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवसापासून अन्नपूर्णाबाई दुपारी दुकानात येऊन बसायला लागली. पुड्या बांधता बांधता यशोदा तिला रद्दीतली अक्षरं लावायला शिकवायची. बोरिंगवरून मात्र दोघी हटल्या नाहीत. यशोदानं शाळेपाशीच बोरिंग घ्यावी असा अर्ज लिहिला, त्यावर बेचाळीस सह्या आणि अंगठे घेतले आणि पंचायतीत दिला. फेब्रुवारीच्या सभेत तो अर्ज सदस्यांसमोर फिरला, आणि सभेनंतर अन्नपूर्णाबाई ग्रामसेवकाकडून मागून तो थेट दुकानात घेऊन आली.

"हे तू माह्यावर लिवलं म्हणते. थांब, सांगू नको. मी वाचतो."

तिला पाव तास लागला. "सदस्या... सौ. अन्न... हे मी हाओ. यांच्या प्र... प्रस्... हे जाऊ दे. याला आमचा वि... विरोध आहे." तिनं मान वर केली. "विरोध म्हणजे? सभेत म्हटलं तेच?"

"म्हणजे मी नाई म्हणून राह्यली."

"बस, इतकंच?"

"इतकंच."

"मंग म्हण ना," अन्नपूर्णाबाई म्हणाली आणि कागदाची नीट घडी घातली. "पण बोरिंग मारोतीपाशीच होईन, सांगून ठेवतो."

आणि तसंच झालं. एप्रिलमध्ये बोरिंगची गाडी आली, एकशे साठ फुटांवर पाणी लागलं. यशोदाही तिथंच पाणी भरायला जायची, आणि शाळा कशी लांब पडली हे हातपंप हापसताना मोठ्यानं सांगायची. पुढची बोरिंग मिळायला तीन वर्षं लागली. तिच्या मंजुरीसाठी दोघी सेलूच्या पंचायत समितीत एकाच एसटीनं गेल्या. शाळेच्या कोणत्या बाजूला ती घ्यायची यावर जाताना आणि येताना भांडल्या.